ओढ्याचा काठ दरवर्षी ढासळतोय. काँक्रीटशिवाय काही उपाय?

रानवाटा_भोर:
आमचं रान भोर तालुक्यात, ओढ्याला लागून. काही वर्षांपूर्वी जेसीबीनं ओढ्याचं खोलीकरण झालं, तेव्हा काठावरची करंजं, निगडीची जाळी सगळी साफ केली. आता वळणावर बाहेरच्या अंगाचा काठ आठ-नऊ फूट सरळ उभा आहे आणि दर पावसाळ्यात आमच्या बांधाकडे सरकतोय. नवल म्हणजे पूर असताना काठ टिकतो, पाणी उतरलं की धाडकन बसतो. ठेकेदार म्हणतो काँक्रीटची भिंत घाला. वडील म्हणतात बांबू लाव आणि मोकळा हो. दगड-झाडं वापरून कुणी हे काम केलंय का?

पन्हाळकर:
बेशरमी लावा. काडी फेकली तरी फुटते, गुरं तोंड लावत नाहीत. खर्च शून्य.

वाईची_रोपवाटिका:
पन्हाळकर दादा, बेशरमी नको हो! परदेशातून आलेली ती, एकदा पात्रात शिरली की गाळ धरते, पाणी अडवते आणि समोरचा काठ कापायला लावते. मग समोरच्या भाऊबंदाला तोंड कोण देणार?

रानवाटा, काठ पूर उतरल्यावर का बसतो ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं आहे. पूर चढलेला असतो तेव्हा पाणीच काठाला बाहेरून टेकू देतं. ओढा झपकन उतरतो, काठाच्या पोटात मुरलेलं पाणी तेवढ्या वेगानं निघत नाही. माती भिजून जड, बाहेरचा टेकू गेलेला, पायथा पुरानं पोखरलेला. ती बसणारच. म्हणून नुसती माथ्यावर झाडं लावली की खालून माती जाते आणि झाडासकट काठ जातो. वडिलांचा बांबू याच कारणानं तिथे चालणार नाही. कळकाची मुळं वरच्या थरात पसरतात आणि बेटाचं वजन उभ्या काठावर येतं. मागे, बांधाच्या आत लावा, खुशाल.

काम दिवाळीनंतर, पाणी कमी झालं की काढा. उभा काठ तासून दोनास एक उतार द्या. नऊ फुटांच्या काठाला अठरा फूट जागा लागेल. जीव तुटतो, पण ती जागा ओढा तशीही नेणार आहे, आणि उतारावर गवत तरी निघतं. पायथ्याशी तळाच्या खाली हात-दोन हात चर खणून मोठं डबर एकमेकांत अडकवून रचा. सिमेंट नको, काठातलं पाणी फटींतून निघालं पाहिजे. दगड बाहेरून आणा. ओढ्यातलेच उचलले तर तळ आणखी खरवडतो. तासलेल्या उतारावर काथ्याची जाळी अंथरून बांबूच्या खुंट्या ठोका. ती काही पावसाळ्यांत कुजते, तोवर गवतानं माती धरायला हवी.

आता झाडं. पाण्यालगत, डबराच्या फटींत वाळुंज (ओढ्याकाठी वाढणारं, विलोच्या जातीचं झाड) आणि शेरणी. शेरणी म्हणजे ओढ्याच्या खडकात लवून असलेलं चिवट झुडूप, पूर डोक्यावरून गेला तरी पुन्हा उभं राहतं. वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, दीड-दोन हात लांब फांद्या घ्या, बुडाला तिरपा काप, दोन तृतीयांश भाग जमिनीत, डोळे वरच्या दिशेला. ही लागवड काठ तासला की लगेच, ओल आहे तोवर. जूनमध्ये रोवलेली काडी मूळ धरायच्या आत पहिल्याच मोठ्या पुरात जाते. मधल्या उतारावर वाळ्याचे समपातळीत आडवे पट्टे, मुळं सरळ खाली जातात, मधूनमधून निगडी. पाणी देता येत असेल तर आधी, नाहीतर वळवाला. माथ्यावर करंज, जांभूळ, उंबर यांची रोपं.

भिंतीबद्दल एवढंच सांगते, गुळगुळीत काँक्रीटवर पाण्याचा वेग वाढतो आणि भिंत संपते तिथून खालच्या शेतकऱ्याचा काठ जातो.

रानवाटा_भोर:
ताई, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. गुरं रोज तिथूनच पाण्यावर उतरतात, त्याचं काय? आणि कुणाची परवानगी लागते का? शेरणी नर्सरीत मिळेल?

वाईची_रोपवाटिका:
गुरांना वळणापासून लांब, आतल्या बाजूला एकच वाट ठेवा, तिथे दगड अंथरा. नव्या उतारावर दोन पावसाळे खूर पडू देऊ नका, काटेरी फांद्यांचं कुंपण पुरतं.

परवानगीचं म्हणाल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे ओढे-नाले सरकारचे. स्वतःच्या हद्दीतला काठ तासणं वेगळं, पात्रात डबर रचणं वेगळं. तलाठ्याला सोबत घेऊन तहसीलला अर्ज द्या. आणि पात्र आहे त्यापेक्षा अरुंद होता कामा नये.

शेरणी नर्सरीत सहसा कुणी ठेवत नाही, गिऱ्हाईकच नाही. ओढ्यानं वरच्या अंगाला घाटाकडे चालत जा, खडकात दिसेल. फांद्या तिथूनच आणा, पण चार-पाच वेगवेगळ्या झुडपांच्या. शेरणी आणि वाळुंज दोन्हींत नर-मादी झाडं वेगळी असतात, सगळ्या एकाच झाडाच्या आणल्या तर पुढे बी धरणार नाही.