मदत हवी आहे : राहतो इंदूरला, कामाला पीथमपूरला, मोजणी कुठल्या जिल्ह्यात?

नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी इंदूर परिसरातला रोजगार जिल्हावार मांडतेय आणि एका जागी अडकलेय.

आवधिक श्रमबल सर्वेक्षण (पीएलएफएस, २०१७ पासून) घरोघरी जाऊन होतं. म्हणजे माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो. आमच्या राजेंद्रनगरात सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसेस उभ्या असतात, खांद्याला डब्याची पिशवी लावून माझे काकाही त्यातच चढतात. कारखाना पीथमपूरला, म्हणजे धार जिल्ह्यात. पण आकडेवारीत काका इंदूरचे कामगार! असे हजारोंनी असतील, मग धारचा कारखानदारीतला रोजगार प्रत्यक्षाहून कमीच दिसणार ना?

प्रश्नावलीत कामाच्या जागेचा रकाना आहे. पण तो जागा ग्रामीण की शहरी, स्वतःचं घर, मालकाचा कारखाना, रस्त्यावरची ठरलेली जागा की बांधकामाची साइट, एवढंच सांगतो. जिल्हा नाहीच. माझ्या मते ही मोठी उणीव आहे.

२०११ च्या जनगणनेत घरापासून कामापर्यंतचं अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं होतं, पण ते फार जुनं झालं. उद्योगांची वार्षिक पाहणी कारखान्यातच मोजते, मात्र फक्त नोंदणीकृत. ठेल्यावाले, गवंडी त्यात येतच नाहीत.

पीएलएफएस आणि उद्योगांची पाहणी या दोन्हींची सांगड कुणी घातली आहे का? भारांक (पाहणीतला एक माणूस किती जणांच्या जागी धरायचा तो आकडा) कसे लावले? धार-देवासकडचं कुणी असेल तर जरूर लिहा, पुढच्या महिन्यात आराखडा द्यायचाय.