सरफेस वेव्हने ३१६एल प्लेटचा ग्रेन साइज: रीडिंग टिकतच नाही

वेर्णा_वर्कशॉप

नमस्कार मंडळी. फार्माच्या टाकीसाठी ३१६एल स्टेनलेस स्टीलच्या १२ मिमी जाडीच्या सहा प्लेटी आहेत. सोल्युशन अॅनीलिंग १०५० अंशांवर व्हायला हवं होतं, पण भट्टीच्या चार्टवर तापमान मध्येच बरंच वर गेलेलं दिसतंय, त्यामुळे ग्रेन (धातूतले स्फटिक) वाढून भरड झाल्याची शंका आहे. ड्रॉइंगवर ग्रेन साइज एएसटीएम ४ किंवा त्याहून बारीक मागितलाय (नंबर जितका मोठा, तितका ग्रेन बारीक). प्लेटीतून नमुना कापायला परवानगी नाही. एका प्लेटीच्या कडेची ४० मिमी रुंद, दीड मीटर लांब पट्टी तेवढी मिळेल.

अल्ट्रासाउंडचा फ्लॉ डिटेक्टर आहे, ५ मेगाहर्ट्झचे ७० अंशांचे दोन प्रोब आहेत. अॅक्रिलिकच्या वेजमध्ये (प्रोबखालचा तिरका ठोकळा) ७२ अंश कोन दिला की स्टेनलेसवर सरफेस वेव्ह (पृष्ठभागालगत जाणारा तरंग) निघते असं वाचलं, म्हटलं ७० चालून जाईल. एक प्रोब पाठवणारा, एक घेणारा, मध्ये १०० मिमी. पण प्रोब उचलून परत ठेवला की सिग्नलमध्ये ५-६ डीबीचा फरक. आणि वेगावरून ग्रेन साइज काढता येतो का? येत असेल तर अॅटेन्युएशनच्या (तरंगाची घट मोजण्याच्या) भानगडीत पडायलाच नको.

तेलबोट

आधी एक करा. सिग्नल स्क्रीनवर धरा, बोटाला तेल लावा आणि दोन्ही प्रोबच्या मधोमध प्लेटवर दाबा. सिग्नल धाडकन पडला तर ती सरफेस वेव्ह. ढिम्म हलला नाही तर तुम्ही भलतंच काही मोजताय.

माझा अंदाज दुसऱ्याचा. प्रोबवर छापलेले ७० अंश हा स्टीलच्या आत शिअर वेव्ह (कण आडवे हलवत जाणारा तरंग) ज्या कोनात जाते तो कोन असतो, वेजचा नव्हे. अॅक्रिलिकमध्ये वेग साधारण २७३० मीटर प्रति सेकंद, साध्या स्टीलमध्ये शिअरचा ३२४०. त्यावरून त्या प्रोबमधला वेजचा कोन सुमारे ५२ अंश निघतो. ३१६एलमध्ये शिअरचा वेग ३१०० च्या आसपास, सरफेस वेव्हचा साधारण २८७०. २७३० भागिले २८७० म्हणजे ०.९५, तो ७२ अंशांचा साइन. म्हणजे तुमचा प्रोब २० अंशांनी चुकलाय. बीम प्लेटच्या पोटात शिरून वरखाली आपटत पलीकडे पोचतोय. प्रोब मिलिमीटरभर सरकला तरी उसळीची जागा बदलते, मग ५-६ डीबी इकडेतिकडे होणारच.

बोटाचा विश्वास नसेल तर वेळ बघा. घेणारा प्रोब २० मिमी मागे न्या. सरफेस वेव्ह असेल तर सिग्नल बरोबर ७ मायक्रोसेकंदांनी उशिरा येतो.

वेगाचा नाद सोडा. ग्रेन साइजने वेगात पडणारा फरक टक्क्याच्या आतला, आणि रोलिंगच्या टेक्स्चरमुळे (ग्रेन ठरावीक दिशेला वळल्याने) त्याहून मोठा फरक सहज पडतो.

वेर्णा_वर्कशॉप

बोट लावलं. सिग्नल जागचा हलला नाही. :( ७२ अंशांचे वेज करून घेतो. पुढची पद्धत नीट सांगाल का? फ्रिक्वेन्सी ५ ठेवू की १०?

रेले_७२

५ ठेवा, कारण असं. ५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.५७ मिमी. एएसटीएम ४ चा सरासरी ग्रेन ९० मायक्रॉन, म्हणजे लांबी ग्रेनच्या सहापट. या हद्दीत स्कॅटरिंग (ग्रेनमुळे तरंग विखुरणं) ग्रेनच्या व्यासाच्या घनाने आणि फ्रिक्वेन्सीच्या चौथ्या घाताने वाढतं. एएसटीएमचा एक नंबर खाली आला की व्यास १.४१ पट होतो, म्हणजे अॅटेन्युएशन जवळजवळ २.८ पट. दोन नंबर खाली, तर आठपट. मोजायला यापेक्षा सोयीचं काय हवं? १० मेगाहर्ट्झला तरंगलांबी निम्मी होते, ग्रेनच्या जवळ येते, आणि तिथे नातं घनाचं न राहता सरळ व्यासाशी जुळायला लागतं. मग एका नंबरला १.४ पटच फरक, तो कपलिंगच्या (प्रोब आणि प्लेट यांच्यातल्या संपर्काच्या) चुकीत बुडून जातो. २ मेगाहर्ट्झला उलटी अडचण, बारीक ग्रेनच्या प्लेटवर घटच इतकी कमी की हाती काही लागत नाही. ५ वरही ग्रेन फारच भरड निघाला (नंबर २ म्हणजे १८० मायक्रॉन) तर आठपट पूर्ण दिसणार नाही. त्यासाठीच नमुने लागतात, सूत्रावरून थेट आकडा काढू नका.

सरफेस वेव्ह साधारण एका तरंगलांबीइतकीच खोल जाते, म्हणजे तुम्ही वरचं अर्धा-पाऊण मिमीच मोजताय. बारा मिमी जाडी म्हणजे वीसहून जास्त तरंगलांब्या, त्यामुळे लॅम्ब वेव्हची (पातळ प्लेटच्या पूर्ण जाडीतून जाणाऱ्या तरंगाची) भीती नाही.

पृष्ठभाग: प्लेटीवर हॉट रोल्ड, पिकल्ड (आम्लाने साफ केलेलं) फिनिश असणार, ते खडबडीत. मार्गावर ३० मिमीचा पट्टा १२०, २४०, ४०० असा घासा, आणि शेवटचे ओरखडे तरंगाच्या दिशेने ठेवा. आडवे ओरखडे स्वतःच स्कॅटर करतात आणि प्लेट उगाच भरड दिसते. फ्लॅप डिस्क नवी घ्या, माइल्ड स्टीलवर फिरलेली अजिबात नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या लोखंडाच्या कणांचे तांबडे ठिपके दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतात. मोजून झालं की पट्ट्यावर पिकलिंग पेस्ट लावून पॅसिव्हेट करा, नाहीतर फार्मावाले प्लेटच परत पाठवतील.

मोजणी: पाठवणारा प्रोब क्लॅम्पने बसवा, परत उचलू नका. घेणारा स्टीलच्या पट्टीला टेकवून ६०, ८०, १००, १२० मिमीवर न्या. प्रत्येक ठिकाणी सिग्नल पडद्याच्या ८० टक्क्यांवर यायला किती गेन (सिग्नल किती डीबी वाढवला) लागला ते लिहा. उचलून, पुसून, परत लावून असं पाचदा करा आणि सरासरी घ्या. कपलंट (संपर्कासाठीचं तेल) वेजखालीच, थेंबभर. वेजच्या पुढे सांडलेलं तेल तरंगाची ऊर्जा खातं (बोटाने खाल्ली तशीच), म्हणून मधला मार्ग प्रत्येक वेळी अॅसिटोनने कोरडा करा. अर्धं लोक इथेच फसतात.

आता गेन आणि अंतर यांची रेघ काढलीत तर तिच्या उतारात बीम पसरण्याचा वाटाही असतो. पुस्तकात त्यासाठी अंतराच्या वर्गमुळाचं सूत्र आहे, ६० ते १२० मिमीला ३ डीबी. पण १० मिमी रुंद क्रिस्टलचं निअर फील्डच (बीम नीट पसरू लागण्याआधीचा टप्पा) ४० मिमीच्या पुढे जातं, त्यामुळे ६० ला ते सूत्र नीट लागत नाही. सोपा उपाय: १२ मिमीची रोल्ड अॅल्युमिनियम प्लेट घ्या. तिच्यात सरफेस वेव्हचा वेग २९०० च्या थोडा वर, म्हणजे तेच वेज, तीच तरंगलांबी, तसंच पसरणं. आणि अॅल्युमिनियमचे ग्रेन दिशेनुसार फारसे बदलत नाहीत, त्यामुळे स्कॅटरिंग नगण्य. स्टीलच्या उतारातून अॅल्युमिनियमचा उतार वजा करा, उरतं ते ग्रेनचं.

नमुन्यांसाठी ती पट्टी ३०० मिमीच्या तुकड्यांत कापा, १०५०, ११००, ११५०, १२०० अंशांवर तासभर ठेवून पाण्यात विझवा. तुकडा ४० मिमीच रुंद असल्याने कडेवरून परतणारा तरंग १०० मिमीवर अडीच-पावणेतीन मायक्रोसेकंदांनी मागून येतो. गेट (पडद्यावरची मोजणीची खिडकी) तेवढं अरुंद ठेवा, म्हणजे तो मिसळणार नाही.

काळी_शाई

रेलेबाब, बाकी सगळं मान्य, नमुन्यांचं नाही. ती पट्टी संशयित प्लेटीचीच आहे ना? ग्रेन आधीच वाढलेला असेल तर १०५० ला परत तापवून तो बारीक होणार नाही. ३१६एलमध्ये तापवताना साध्या स्टीलसारखं रूपांतर होत नाही, कोल्ड वर्क (थंड असताना लाटणं-ठोकणं) केल्याशिवाय नवे ग्रेन उगवत नाहीत. चारही तुकडे भरड निघतील, आणि तुमचा कॅलिब्रेशन आलेख एका कोपऱ्यात गोळा होईल. स्टोअरमध्ये चांगल्या चार्टची ३१६एल प्लेट शोधा, तिचे तुकडे करा. संशयित पट्टी फक्त पडताळणीला ठेवा.

तुकड्यांचा ग्रेन मायक्रोस्कोपखाली एएसटीएमच्या ई ११२ पद्धतीने मोजताना ट्विन (ग्रेनच्या आतले आरशातल्या प्रतिमेसारखे पट्टे) मोजू नका. ऑक्झॅलिक आम्लाने ट्विनच्या सीमाही उमटतात, नवखा माणूस त्याही मोजतो आणि नंबर एक-दोनने बारीक येतो. ६० टक्के नायट्रिकमध्ये सुमारे एक व्होल्टवर इलेक्ट्रोलिटिक एच (विजेच्या मदतीने आम्लाने पृष्ठभाग कोरणं) केलं तर ट्विन दबतात, ग्रेनच्या सीमा दिसतात. तरंगाला मात्र ट्विनच्या सीमाही लागतात, म्हणून ३०४ चे नमुने ३१६एलला लावायचे नाहीत.

मायक्रोस्कोप नसेल तर गोव्यात फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विचारून बघा.

वेर्णा_वर्कशॉप

चांगल्या चार्टची प्लेट आहे, त्याच जाडीची. एक शंका राहिली. प्लेटीत काही ठिकाणी भरड आणि काही ठिकाणी बारीक असं मिश्र असेल तर?

रेले_७२

तर तुम्हाला ई ११२ च्या सरासरीपेक्षा भरड नंबर मिळेल. नातं घनाचं असल्याने चार मोठे ग्रेन शंभर बारकांना झाकून टाकतात. म्हणून एका प्लेटवर एकच मार्ग घेऊ नका. चार कोपरे आणि मध्य, प्रत्येक ठिकाणी रोलिंगच्या दिशेने एक आणि आडवा एक, असे दहा घ्या. वेल्डपासून लांब. दहांतले दोन-तीन उतार बाकीच्यांच्या दुप्पट आले तर सरासरी काढू नका. त्या जागांवर खडूने खूण करा आणि तिथेच घासून, एच करून रेप्लिका (मायक्रोस्कोपखाली बघायला पृष्ठभागाचा ठसा) घ्या. काळी_शाई म्हणतात ते नायट्रिकचंच एच, हातमोजे आणि चष्मा घालून.