तुमची सगळ्यांत जुनी आठवण कोणती? आणि ती तुमचीच आहे का?

माझी आई फेब्रुवारीत गेली. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांचा होता. मी नोकरीवर जायचे, त्याला आईनंच सांभाळलं. भिजवलेल्या मनुकांची वाटी, काऊ-चिऊचे घास, दुपारी पाठीवर थोपटणं, सगळं तिच्याकडे. परवा एक मैत्रीण सहज बोलून गेली, "त्याला आजी आठवणार नाही गं, या वयातलं कुणालाच आठवत नाही." तेव्हापासून डोक्यातून जात नाही. रोजचे दहा तास जिच्या कुशीत काढले, ती अशी पुसली कशी जाईल?

थोडं वाचलं. याला शैशव-विस्मृती म्हणतात, फ्रॉइडनं १९०५ मध्येच यावर लिहून ठेवलंय. मोठ्या माणसांची पहिली आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते म्हणे.

म्हणून हा धागा. तुमची अगदी पहिली आठवण सांगा. ती खरोखर तुमची आहे, घरच्यांकडून ऐकलेली किंवा फोटोतली नाही, हे कशावरून, तेही लिहा. एवढीशी असली तरी चालेल.

कॉटचा दांडा

वय दोन वर्षं चार महिने. नक्की सांगू शकतो, कारण भावाचा जन्म. दवाखान्यात आईच्या कॉटच्या पायथ्याशी लोखंडी दांडा होता. तो फिरवला की आईचं डोकं वर यायचं. मी फिरवला, आई कळवळली, मी कॉटखाली लपलो. तिथली फरशी हिरवट होती. बाळ अजिबात आठवत नाही! आईलाही हा प्रसंग आठवत नाही, म्हणजे मला तो कुणी सांगितलेला असणं शक्य नाही.

नारायण पेठ

१२ जुलै १९६१, पानशेत फुटलं. मी साडेतीन वर्षांची. काकांच्या खांद्यावर बसून मी वाड्याचा जिना चढतेय, खाली चौकात गढूळ पाणी, तुळशीवृंदावनाचं नुसतं टोक दिसतंय आणि त्याच्याभोवती एक पितळी पातेलं गोल गोल फिरतंय. हे मी मुलांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं.

काही वर्षांपूर्वी आत्याच्या पंचाहत्तरीला सगळे जमलो होतो. मी सांगायला लागले, तर आत्या म्हणाली, "अगं, तू कुठे होतीस तेव्हा इथे? वहिनी बाळंतपणाला साताऱ्याला गेली होती, तू तिच्याबरोबर." धाकट्याचा जन्मदाखला काढून पाहिला. १० जुलै, सातारा. पातेलं आत्यानं पाहिलेलं होतं. तिच्या तोंडून ऐकून ऐकून ते माझ्या डोळ्यांत आलं.

त्या रात्री मी खूप रडले. घरातलं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटलं. आजही डोळे मिटले की ते पातेलं फिरतं.

पत्र्याची शेड

माझा जन्म जून १९९० चा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, तेव्हा मी सव्वातीन वर्षांचा. गाव किल्लारीच्या बाजूचं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली.

मला भूकंप आठवत नाही. काहीच नाही. मला पत्रा आठवतो. नंतर शेडमध्ये राहिलो, तिथं पाऊस आला की कान बधिर व्हायचे आणि आई माझ्या दोन्ही कानांवर तळहात दाबून धरायची. मोठी बहीण त्या पहाटे गेली. सहा वर्षांची होती. मला कडेवर घेऊन गावभर हिंडायची म्हणतात. घर दगडमातीचं, सगळं खाली आलं, एक फोटो उरला नाही. आई तिच्याबद्दल शेवटपर्यंत बोलली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

कधीकधी स्वतःच्या मेंदूचा राग येतो. पत्रा ठेवलास, बहीण नाही ठेवलीस.

ताई, तुम्ही मुलाशी आजीबद्दल बोला. आमच्या घरात कुणी बोललं नाही.

अंगणवाडी

वरचं वाचून हात थांबले, दादा.

मी २२ वर्षं अंगणवाडीत आहे. लहान मुलांना आठवत नाही असं म्हणू नका. त्यांना भरपूर आठवतं, पुढे जातं. आमच्याकडे एक मुलगी होती, तीन वर्षांची. त्यांची शेळी विहिरीत पडली होती. रोज खिचडी खाताना सांगायची: दोर कसा टाकला, बाबा कसे ओरडले, शेळीचे कान कसे ओले होते. वर्षभर सांगत होती. ती तिसरीत गेल्यावर मी विचारलं, "शेळीचं काय झालं होतं गं?" तर म्हणाली, "कुठली शेळी?"

प्रयोगशाळेतून

मेंदूविज्ञानात पीएचडी करतेय. अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं तेच संशोधनातही दिसतं. अमेरिकेत पॅट्रिशिया बाउर यांनी तीन वर्षांच्या मुलांचे आयांशी झालेले संवाद नोंदवून ठेवले आणि पुढे त्याच प्रसंगांबद्दल मुलांना विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते, आठ-नऊ वर्षांच्यांना जेमतेम एक तृतीयांश.

का जातं? आठवणी जुळवण्याचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग करतो. बाळपणी तिथं नव्या पेशी भराभर तयार होतात आणि जुन्या जोडण्यांमध्ये घुसतात. टोरांटोच्या गटानं २०१४ मध्ये उंदरांवर हे दाखवलं: पिल्लांमध्ये नव्या पेशींचा वेग कमी केला तर आठवण जास्त टिकली. गिनीपिगचा मेंदू जन्मतःच बराच तयार असतो, त्यांची पिल्लं अशी विसरत नाहीत. २०२५ मध्ये येल विद्यापीठात २६ बाळांचे स्कॅन केले. साधारण वर्षाच्या पुढच्या बाळांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नोंद होताना स्पष्ट दिसली. म्हणजे नोंद होते. बहुधा पुढे तिथवर पोचायची वाट सापडत नाही.

आणि घरात बोलण्यानं फरक पडतो. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची निघाली, तिथल्या युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा बरीच आधीची. त्यांच्याकडे कुळाच्या, जन्माच्या गोष्टी मुलांना सतत सांगतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

मायलापूर ते नागपूर

तीन वर्षांचा होईपर्यंत आम्ही चेन्नईत होतो. शेजारच्या पाटी (तमिळमध्ये आजी) मला सांभाळायच्या. मी म्हणे घडाघडा तमिळ बोलायचो. आज एक शब्द येत नाही, पाटींचा चेहराही नाही.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. तिला भरवताना मी दहीभाताचा गोळा केला, अंगठ्यानं मध्ये खळगा पाडला, त्यात आमटी ओतली आणि गोळा तिच्या तळहातावर ठेवला. आई बघत होती. म्हणाली, "हे तू कुठे शिकलास? अशा तर पाटी तुला भरवायच्या." मी कुणाला असं करताना पाहिल्याचं मला आठवत नाही. हातानं केलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेडवाल्या दादांचं वाक्य दोन दिवस पुन्हापुन्हा वाचलं.

आता रात्री झोपताना मी मुलाला आजीबद्दल विचारते. मी स्वतः कमी सांगते. पातेल्याच्या गोष्टीनंतर भीती वाटते, की माझंच त्याच्या डोळ्यांत उतरायचं. जे तो बोलेल ते तारीख घालून त्याच्या शब्दांत वहीत लिहिते. पहिल्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मनुका म्हणाला. काल मी विचारलं, "आजी जवळ घ्यायची तेव्हा कसं वाटायचं रे?" बराच वेळ उशीचा कोपरा चावत पडला होता. मग म्हणाला, "हात गरम. चष्मा गार."