टँकरच्या हिशोबासाठी छोटी फंक्शनल भाषा कोणती घ्यावी? (सर्व्हरचा खर्च शून्य)

बी_विंग_बाणेर
उन्हाळा आला की आमच्या सोसायटीत टँकर सुरू होतात आणि वहीतल्या हिशोबावरून वाद. मोबाइलवर उघडेल असं साधं पान करायचंय: टँकर आला की लिटर आणि रक्कम, खाली फ्लॅटमागे किती पडले ते. नोकरीत दिवसभर जावा लिहितो, त्यामुळे हे मुद्दाम फंक्शनल, म्हणजे सगळं फंक्शन जोडून लिहायच्या, प्रोग्रामिंग भाषेत करणार. अटी: भाषा ओपन सोर्स आणि छोटी, लॅपटॉप ४ जीबीचा, वेळ फक्त रविवारी, सर्व्हरवर एक रुपयाही नाही. ग्लीम, एल्म, रॉक या भाषा वरवर पाहिल्या आहेत. अनुभव सांगा.

लॅम्बडा_पेठकर
शिकायचंच तर हास्केल शिका. १९९० पासूनची भाषा आहे, बाकी सगळे तिथूनच उचलतात. लॅपटॉपची रॅम वाढवून घ्या, आज ना उद्या लागणारच आहे.

गणेशखिंड
आमच्या विद्यापीठात नव्वदच्या दशकात गोफर ही हास्केलसारखी छोटी भाषा शिकवायचे, आणि तिची इथेच बेतलेली आवृत्ती होती पुगोफर, म्हणजे पुणे युनिव्हर्सिटी गोफर. ४ जीबी कसले, त्या काळच्या मशीनवर आरामात चालायची. पुण्यात फंक्शनलची परंपरा जुनी आहे, हे नव्या मुलांना माहीत असायला हवं.

एरंडवणे_ई
एलिक्सिर घ्या. आम्ही ऑफिसात तीच वापरतो, रात्री-अपरात्री फोन येणं बंद झालं. छोटा सर्व्हर भाड्याने घ्या, महिन्याला पाचेकशे रुपये. सोसायटीला जड नाही.

बी_विंग_बाणेर
सर्व्हर नको म्हटलंय हो. कमिटीत पन्नास रुपयांवरूनही मीटिंग लांबते.

चमक
मग ग्लीम. १.० आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली. अर्लांग भाषेच्या व्हर्च्युअल मशीनवर चालते आणि जावास्क्रिप्टही बनवते, म्हणजे पान ब्राउझरमध्येच चालतं, सर्व्हरची गरज नाही. नल (रिकामी किंमत) नाही, एक्सेप्शन (मध्येच फेकली जाणारी चूक) नाही, लूपसुद्धा नाही. टँकरचे तीन प्रकार करून बघा: पूर्ण, अर्धा, परत पाठवलेला. `केस`मध्ये, म्हणजे प्रकारानुसार शाखा पाडताना, 'परत पाठवलेला' विसरलात तर कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) पुढे जाऊच देत नाही, कोणती शाखा राहिली तेही सांगतो. एवढं ध्यानात ठेवा: पूर्णांकांची बेरीज `+`, दशांशाची `+.`. रॉकवर मात्र आत्ता काही बांधू नका, तिचा कंपायलर रस्ट भाषेतून झिग भाषेत नव्याने लिहायला घेतलाय.

लॅम्बडा_पेठकर
ग्लीममध्ये ७ भागिले ० चं उत्तर ० येतं. पैशाच्या हिशोबाला असली भाषा?

चमक
उत्तर काय ते भाषेने आधीच ठरवलंय आणि लिहूनही ठेवलंय. वेगळं हवं तर `डिव्हाइड` फंक्शन आहे, ते `रिझल्ट` देतं, म्हणजे उत्तर किंवा चूक. एल्मच्या `//` चंही तेच, तिथेही ०.

लॅम्बडा_पेठकर
म्हणजे दोन्हीकडे चूक.

कर्वे_रोड
एल्मच्या वाटेला जाऊ नका. तिची ०.१९.१ आवृत्ती ऑक्टोबर २०१९ ची, त्यानंतर भाषा जवळजवळ तशीच. आमच्या आधीच्या कंपनीत एल्म काढून टाइपस्क्रिप्ट आणली, माणसंच मिळेनात. वर म्हणाले तसं एलिक्सिर घ्या.

डेक्कन_दुपार
+१ एलिक्सिर. सर्व्हर स्वस्त पडतो.

बी_विंग_बाणेर
सगळ्यांचे आभार. एल्म घेतोय. तीही जावास्क्रिप्ट बनवते, सर्व्हर लागत नाही.

माणसं शोधायची नाहीत, मी एकटाच आहे. भाषा बदलत नाही हेच मला हवंय: पुढच्या उन्हाळ्यात पान उघडलं की तसंच चाललं पाहिजे, रविवार अपग्रेडमध्ये जायला नको. नोंदी जेसन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये ठेवणार, फाइल गिटवर (बदलांची नोंद ठेवणारं साधन), पान ती वाचून दाखवेल. काल मुद्दाम एका नोंदीत रकमेच्या जागी 'बाराशे' असा शब्द टाकला. पान कोसळलं नाही. कितव्या नोंदीत, कोणत्या रकान्यात आकड्याऐवजी काय आलंय ते एल्मच्या जेसन वाचणाऱ्या डिकोडरने नेमकं दाखवलं. सेक्रेटरी काकूंना असंच हवंय.

भागाकाराचा मुद्दा पटला. फ्लॅटची संख्या शून्य आहे का, ते आधी तपासणार.

लॅम्बडा_पेठकर
एल्मचा कंपायलर हास्केलमध्ये लिहिलेला आहे. नोंद असावी.