काचेतले तडे आणि आपला पावसाळा

मातीच्या टाइलच्या खळग्यात बाटलीची काच ठेवून ती भट्टीत वितळवतात. भट्टी घाईने उघडली की या काचेला तडे जातात, असं कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं. घाई केली तर अख्खी टाइलच फुटू शकते, ते खरं. पण काचेतलं ते बारीक जाळं भट्टी कितीही सावकाश थंड केली तरी पडतंच. बाटलीची काच तापल्यावर जेवढी प्रसरण पावते तेवढी मातीची टाइल पावत नाही. थंड होताना काच जास्त आकसायला बघते, खालची टाइल तिला आकसू देत नाही, आणि ती तडकते. बाहेर काढल्यावरही टिक टिक ऐकू येत राहतं. लोक हौसेने करतात ते याच जाळ्यासाठी.

इथे किनाऱ्यावर त्रास वेगळाच. मालवणात आमच्या नात्यातल्या एका घरी तुळशीवृंदावनाला अशा टाइल्स बसवल्यात: मधे खळगा, कडेने तांब्याचं हिरवट निळं ग्लेझ (भाजल्यावर चकचकीत होणारा लेप), खळग्यात सोड्याच्या बाटलीची वितळलेली काच. बाजूच्या उभ्या टाइल्स अजून झकास आहेत. वरच्या आडव्या मात्र पहिल्याच पावसाळ्यात काळवंडल्या. तड्यांत पाणी मुरतं, आषाढात ऊन कुठलं, मग आत शेवाळ धरतं आणि ब्रशने कितीही घासा, निघत नाही. आडव्या जागी नुसतं ग्लेझ ठेवा, काचेचं काम उभ्या भिंतीवर किंवा पडवीत पागोळ्यांच्या आत. आणि कुणी याच पद्धतीने फराळाच्या बशा करायचं म्हणत होतं, ते नको. तडकलेल्या काचेच्या कपच्या सुटतात.