क्षमा मंडळीनं केली, शवपेटीचे पैसे विधवेनं फेडायचे?

कृष्णाकाठ, सांगली:
सलाम. एका बंधूंची पोस्ट चार ग्रुप फिरून माझ्यापर्यंत आली. चर्चच्या मयत फंडाच्या, म्हणजे अंत्यविधीसाठी वर्गणीतून जमवलेल्या पैशांच्या, खजिनदारानं ते पैसे स्वतःसाठी वापरले, उपासनेत उभा राहून रडला, पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मंडळीनं आमेन म्हटलं. आता जे हिशेब मागतात त्यांच्या मनात 'कडूपणाचं मूळ' आहे आणि पोलिसांचं नाव काढणाऱ्यांनी भावानं भावाला कोर्टात ओढू नये असं सांगणारा, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय वाचावा, असं त्यात लिहिलंय. खाली हालेलुयांची रांग.

मी त्याच मंडळीतला. जिला कडू म्हटलंय तिचा नवरा ऐन पावसाळ्यात गेला. वर्षानुवर्षं वर्गणी भरल्याचं कार्ड घेऊन मुलगा गेला, तर फंडात शिल्लक नाही. शवपेटी उधारीवर आणली. सुताराचे पैसे ती अजून हप्त्यानं देतेय, ब्लाऊज शिवून. त्या रविवारी तिला कुणी विचारलं, की बाई, तू क्षमा करतेस का? पैसे बुडाले तिचे आणि माफ करून मोकळे झालो आपण. दया करायची तर स्वतःच्या खिशातून करावी, दुसऱ्याच्या पदरचं देऊन नव्हे.

शास्त्रच काढायचं तर लेवीय सहावा अध्याय काढा. लुबाडलेलं परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, ज्याचं त्याला दे आणि मग अर्पण घेऊन ये. क्रम तसाच दिलाय. जकातदार जक्कयानं, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हटलं. आणि करिंथच्या मंडळीला पौल विचारतो, भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे निवाडा मंडळीनं करावा, असं तो सांगतो. प्रकरण झाकून ठेवा असं कुठं म्हणतो?

वानलेसवाडीकर:
पोस्ट माझीच. नाव घेतलं नाहीत, बरं केलंत.

जक्कयाची गोष्ट तुम्ही शेवटाकडून सांगितली. प्रभू आधी त्याच्या घरी जेवायला गेला. चौपटीचं बोलणं त्याच्यानंतरचं. दया आधी आली म्हणून तो माणूस उघडला. आधी हिशेबाची वही पुढे केली असती तर प्रभूला पाहायला झाडावर चढलेला जक्कय खालीच आला नसता. दहा हजार तालंतांचं अफाट कर्ज माफ झालेल्या चाकरानं शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला, तो दाखला आपण मुलांना शब्बाथशाळेत शिकवतो. मोठे झालो की विसरतो?

त्या माणसाच्या घरी पण दोन पोरं आहेत. बायको मंडळीत यायची बंद झालीय. पोलीस स्टेशनला एकदा नाव लागलं की वस्तीत काय होतं, हे मी माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत पाहिलंय. केस सुटली, माणूस नाही सुटला. ग्लॅडिस स्टेन्सबाईंनी नवरा आणि दोन लेकरं जाळणाऱ्यांना क्षमा केली. आपल्याला एका फंडाचं जड जातंय.

मिरजेची सिस्टर:
स्टेन्सबाईंचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर. फिलिप दहाचा, तिमथी सहाचा. बाईंनी क्षमा केली, पण खटला मागे घ्या म्हणाल्या नाहीत. क्षमा माझ्याकडची, गुन्ह्याचं काय करायचं ते कायदा बघेल, असंच त्यांचं म्हणणं होतं. मुख्य आरोपी दारासिंगला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, हायकोर्टानं २००५ मध्ये ती जन्मठेपेवर आणली, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं जन्मठेप कायम केली. हे सगळं चालू असताना बाई २००४ पर्यंत बारीपद्यात कुष्ठरोग्यांची सेवा करत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यात मावल्या, भाऊ.

आणि ते शंभर दिनार किरकोळ नव्हते. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर माझ्या वॉर्डातल्या मावशींचं घर बसेल.

तासगावचा बागायतदार:
मजुरीचं निघालंच आहे म्हणून बोलतो. मागच्या महिन्यात आमच्याकडं मत्तय विसाव्या अध्यायावर उपदेश झाला. द्राक्षमळ्याचा मालक, पहाटे आलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एक दिनार. सगळी मंडळी माना डोलावत होती. बाग माझी एकट्याची, बाकीच्यांना काय जातंय? विरळणीच्या, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायच्या, दिवसांत असा पगार वाटला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री धरायला एक माणूस येणार नाही. दया म्हणून चांगलंच आहे, पण दयेवर बाग चालत नाही. डावणी रोग आला, अवकाळी पाऊस आला, तर माझं कर्ज कोण माफ करतं?

रोजगारीण:
काका, तुम्ही मला ओळखता. तुमच्याच बागेत विरळणीला येते मी.

पाचला आलेल्याचं राहू द्या. सकाळी गड्यांच्या बरोबरीनं आलेल्या बाईचं बोला. दिवसभर मान वर करून घड विरळायचे, डोळ्यात कचरा पडतो, खांदे भरून येतात. घड डिपिंगला औषधात बुडवायचे तेही आम्हीच, हाताची सालटं जातात. आणि संध्याकाळी हजेरी वाचताना गड्याच्या हातावर जास्त, बाईच्या हातावर दीडशे-दोनशेनं कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. त्या मालकानं निदान ठरलेला दिनार सगळ्यांना दिला, कुणाचा कापला नाही.

मी मागते ते दया म्हणून मागत नाही. कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं, असं याकोबानं लिहिलंय. पाचवा अध्याय.

तासगावचा बागायतदार:
हे इथं काढायचं कारण नव्हतं. गडी फवारणीचा पंप ओढतात, पेट्या भरून गाडीत चढवतात. दर मी ठरवत नाही, शिवारात जो चालतो तोच देतो. एकट्यानं वाढवला तर शेजारचे बांधावर येऊन भांडतील.

आणि माझ्यावरच्या अन्यायाचं कुणी बोलत नाही. तीन वर्षांखाली व्यापारी माल उचलून गेला. गोड बोलून वजन केलं, चेक दिला, चेक परत आला, फोन बंद. एवढ्या माणसांची बाकी मी बायकोचे दागिने ठेवून भागवली. पाळकांकडे गेलो तर म्हणाले, सूड देवावर सोपवा. मी तक्रार दिली. अजून चकरा चालू आहेत. मला कुणी ख्रिस्तीपणा शिकवू नये.

रोजगारीण:
तुमचे दागिने गेले याचं वाईट वाटलं, तेव्हाही वाटलं होतं. आमची बाकी दिलीत, हेही खरं. पण काका, व्यापाऱ्यानं तुमचं बुडवलं तेव्हा तुम्हाला न्याय पाहिजे होता. आमच्या वेळेला शिवारातला दर? बांधावर भांडायला येतील म्हणून देवाचं वचन बदलत नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, असं बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात लिहिलंय, त्यात गडी-बाई काढलेलं नाही. द्राक्षमळा झाडूनपुसून नेऊ नका, पडलेलं गरिबाला आणि परक्याला राहू द्या, हे लेवीय एकोणिसाव्यात आहे. नियमशास्त्रात गरिबाचा तो हक्कच धरलाय.

तासगावचा बागायतदार:
तुझ्या पोराची फी कोणी भरली होती, ते पण लिही इथं.

रोजगारीण:
तुम्ही भरली, आणि मी रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेते. पण फी भरली म्हणून मजुरी कमी दिलेली चालते, असं होत नाही. त्या वर्षी टोळीतल्या सगळ्या बायांना पूर्ण दर मिळाला असता तर मला फीसाठी तुमच्या दारात यावं लागलं नसतं.

मिरजेची सिस्टर:
हे बाईनं जे लिहिलंय ते चर्चच्या प्रत्येक पंच कमिटीत वाचून दाखवावं. आम्ही नाताळला साड्या वाटतो, फोटो काढतो, आणि चर्च झाडणाऱ्या मावशीचा पगार दोन-दोन महिने थकवतो.

साताऱ्याचा जुना:
चर्चा फंडावरून बागेत गेली, असो. मी वानलेसवाडीकरांच्या बाजूनं बोलणार आहे. १९१७ साली रेव्ह. ना. वा. टिळकांनी मिशनचं काम सोडून आमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यांना माणसं जोडायची होती. आज आपल्या मंडळ्या कोर्टात एकमेकांसमोर उभ्या आहेत. जमिनी, ट्रस्ट, निवडणुका. वकिलांची घरं झाली आणि तरुण पोरं उपासनेतून उठून गेली. न्याय न्याय करत आपण हेच कमावलंय.

सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगिणीचा खून मध्य प्रदेशात १९९५ ला झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टर, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि २००६ मध्ये तो सुटला. हे कायद्यानं झालं असतं का?

कृष्णाकाठ, सांगली:
काका, तो अकरा वर्षं आत होता. आणि राखी कुणी बांधली? जिची बहीण गेली तिनं. सुटका कुणी मागितली? ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी. मी पहिल्यापासून एवढंच म्हणतोय. उद्या ती शिवणकाम करणारी बाई उठून म्हणाली, मी सोडलं, तर तिच्यापुढं मी हात जोडीन. तिच्या वतीनं पाळकांनी सोडायचं नाही.

कोर्टबाजीचं म्हणाल तर ती हिशेब मागितल्यानं वाढत नाही, दडवल्यानं वाढते. न्यासाचे हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यायचे, हा कायदा १९५० पासून आहे. मयत फंड मात्र आम्ही अजून वहीत आणि खिशात चालवतो. वेळेवर कुणी वही उघडली असती तर तो माणूसही वाचला असता. त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, याला मी दया म्हणणार नाही.

वानलेसवाडीकर:
ठीक. बाईंना आधी विचारायला हवं होतं, हे तुमचं मान्य करावं लागतं. 'कडूपणाचं मूळ' हे शब्द पोस्टमधून काढतो. त्यानं पैसे हप्त्यानं फेडावेत, यालाही माझी ना नाही. पण पोलिसात जायला माझा विरोध होता आणि आहे. आणि उपासनेत त्याचं नाव पुन्हा घेतलेलं मी खपवून घेणार नाही. त्याची पोरं पहिल्या बाकावर बसतात.

कृष्णाकाठ, सांगली:
नाव नको, माझाही आग्रह नाही. पण आकडा वाचला जाईल. किती आले, किती गेले, किती परत आले, दर महिन्याला. आणि पहिला हप्ता सुताराकडं जाईल, फंडात नंतर. हप्ता चुकला तर तक्रार मी स्वतः देईन, हेही त्याला आजच सांगा.

तासगावचा बागायतदार:
तुमचं मिटत आलं, माझं मन अजून दुखतंय. या वर्षी फळछाटणीनंतर विरळणीला टोळी घेऊन ये. दर तिथं बसून बोलू. पण गावाच्या चव्हाट्यावर माझ्या नावानं बोंब नको.

रोजगारीण:
कुणाचं नाव मी घेतलेलं नाही, काका. येते. पण दर कात्री धरायच्या आधी ठरवायचा, आणि टोळीतल्या सगळ्या बायांसमोर.