ताटात घास टाकायचा नाही: तुमच्या घरची अशी कुठली सवय अंगात मुरलीय?

माणगंगा
काल लेकीने अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. मी काही बोलायच्या आत आईने ती उचलली, तव्यावर कडक केली, तेल-मीठ लावून खाल्ली. बोलली काहीच नाही, तेच मला लागलं.

आई सांगोल्याकडची. ७२च्या दुष्काळात चौदा वर्षांची. शाळा सुटली ती तेव्हाच. बोटांना चिंध्या बांधून खडी फोडायला जायची. डाव्या अंगठ्याचं नख अजून दुभंगलेलंच उगवतं. त्या दुष्काळी कामावर सुकडी (पिठाचं कोरडं खाणं) मिळायची, त्यातली निम्मी धाकट्या भावासाठी ओच्यात बांधून आणायची. आम्हाला यातलं कधी सांगितलं नाही. फक्त नियम होता: जेवण झालं की ताटात पाणी फिरवून ते प्यायचं. मैत्रिणी घरी आल्या की मला लाज वाटायची, होस्टेलवर गेल्यावर मी ते सोडूनच दिलं. खरं कारण चाळिशीत कळलं, तेही मामाकडून.

तुमच्याकडेही असेल असं काही. लिहा ना.

रानजाई
मिलो!! रेशनवरची ती लाल अमेरिकन ज्वारी. आमच्या नगरच्या आजीच्या तोंडी हा शब्द अजून शिवीसारखा येतो. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

लालबागचा
आमच्याकडे ८२. वडील विणकाम खात्यात. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. आईने दहा बाय दहाच्या खोलीत खानावळ घातली. पोळ्या लाटून मनगट सुजायचं, मी हळद लावून द्यायचो. वडील पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. आता पन्नाशी ओलांडली, सगळं ठीक आहे, तरी तांदळाचा डबा अर्ध्याखाली गेला की मला झोप लागत नाही. बायको म्हणते आण बाबा आण, दहा किलो आण.

माणगंगा
@लालबागचा हळदीचं वाचून डोळे भरले.

पाझर तलाव
आमच्या गावचा तलाव ७२चाच, माझ्या आज्यानं माती वाहिलेली. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी आली, १९७७ला कायदा झाला. पोरांना तलावावर नेऊन दाखवतो.

तिन्हीसांज
थोडं अवांतर. दिवा लागला की शुभंकरोति, मग पाव, अर्धा, पाऊणचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी. आजोबा भुसाराच्या दुकानात दिवाणजी होते. पाऊणकी चुकली की पुन्हा पहिल्यापासून, तोवर पानं वाढायची नाहीत.

रानजाई
@तिन्हीसांज औटकी, साडेतीनचा पाढा, येते का??

तिन्हीसांज
एके औट, दुने सात... पुढे आजोबाच 🙏

वेंगुर्ल्याची
आमच्यात पेज. कोणी दारात आलं की आजी पेजेत तांब्याभर पाणी वाढवायची. ‘इल्ल्याक उपाशी धाडूचा नाय.’ मुंबईत आले तरी मी मूठभर तांदूळ जास्तच टाकते.

एक आई
वेगळं लिहिते, राग मानू नका. ताट संपवलं नाही म्हणून मी मार खाल्लाय. दोडका उलटून पडला तरी परत वाढला. आजही दोडक्याचा वास सहन होत नाही. अन्नाची किंमत पोराला कळावी हे मान्य, पण त्यासाठी त्याला रडवू नये. मी वाढतानाच कमी वाढते, हवं तर पुन्हा घे म्हणते.

माणगंगा
@एक आई राग कसला, पटलं. लेकीला मीही ओरडले नाही. आज आईला विचारलं, सुकडी कशी लागायची गं? म्हणाली, ‘गोड. पण खडीची धूळ असायची, दाताखाली कचकच.’ मग उठून भांडी घासायला गेली.

रानजाई
आले परत. आजीला उद्या फोन करते. एक्याण्णव वर्षांची आहे, कानाला कमी येतं. पण मिलो म्हटलं की ऐकू येईल.